मदत हवी आहे: न्यू जर्सीत धर्माशी संबंध नसलेला मुलांचा गट

घरात देवधर्म नाही. मुलगा 10 वर्षांचा, मुलगी 8. ‘स्काउटिंग अमेरिका’च्या (पूर्वीची ‘बॉय स्काउट्स’ संघटना) शपथेत देवाप्रति कर्तव्य येतं, शिवाय नावनोंदणीत धार्मिक तत्त्वाचं निवेदन मान्य करावं लागतं. न पटणारी शपथ मुलाकडून वदवून घेणं मला चुकीचंच वाटतं. ‘गर्ल स्काउट्स’मध्ये 1993पासून ‘गॉड’ऐवजी आपला शब्द घेता येतो, म्हणजे मुलीचं जमेल. मुलासाठी ‘फोर-एच’ हे मुलांचे क्लब पाहतोय: प्रतिज्ञेत देव नाही, विद्यापीठाच्या विस्तार विभागातर्फे चालतं. पण तिथले बरेच क्लब एकाच विषयाचे, कुठे ससे तर कुठे रोबोटिक्स. ‘कॅम्प क्वेस्ट’ हा धर्म न मानणाऱ्या घरांतल्या मुलांचा कॅम्प, पण मुख्यतः उन्हाळ्यापुरता. एडिसनच्या आसपास वर्षभर रानात नेणारा, तंबू-गाठी शिकवणारा गट कुणाला माहीत आहे का? बैठक चर्चच्या भाड्याच्या सभागृहात असली तरी चालेल. सुरुवातीला प्रार्थना असते का, तेवढं मात्र नक्की सांगा.