भंडारदरा भरलं का? (अनुभव धागा)

प्रवरेवरचं भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं. कागदावर विल्सन डॅम, मागचं पाणी आर्थर लेक. गावात ती नावं कुणी घेत नाही. कळसूबाई-रतनगडाच्या कुशीतलं हे पाणी तुम्ही कधी, कसं पाहिलंत? हॉटेलांचे दर नकोत, अनुभव लिहा.

कालव्याचं टोक
आमचं शेत श्रीरामपूरकडं. ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्यानं आमच्यापर्यंत पाणी येतं. ऑगस्टात घरी कुणीही आलं की आजोबा चहाआधी विचारायचे, "भंडारदरा भरलं का?" धरणाच्या साठ्याचा ११ टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) आकडा मला पाढ्यांबरोबर पाठ झाला, पण धरण पाहिलं ते चाळिशी उलटल्यावर. भिंतीवरून वडिलांना फोन लावला. म्हणाले, "पाणी काठापासून किती खाली आहे? हातानं दाखव." फोनवर!

छत्रीवाला
अंब्रेला फॉल बघायला चार तास गाडी हाकली. धबधबा बंद. भजीवाला म्हणाला, "साहेब, तो धरणाचा नळ हाये. सोडला तरच पडतो." भजी मात्र झकास होती.

रातकिडा
आम्ही मेअखेरीस, वळीव पडून गेल्यावर गेलो होतो, काजव्यांसाठी. वाट दाखवणाऱ्या पोरानं आधी मोबाइल खिशात घालायला लावले. हिरड्याचं एक झाड खालून वरपर्यंत एका दमात उजळायचं, विझायचं, पुन्हा उजळायचं. आमच्यातला सगळ्यात बडबड्याही गप्प. तेवढ्यात वळणावरून एक गाडी आली, दिवे फुल्ल. झाड विझलं ते विझलंच. पोरगं गाडीकडं बघून जे बोललं ते इथं लिहिता येणार नाही.

रतनवाडीची लेक
तुम्ही पाणी बघायला येता, आम्ही त्याच्या काठावर वाढलो. रस्ता धड नव्हता तेव्हा धरणाजवळच्या शेंडी गावाला जायचं तर होडी. आई मला पोटात घेऊन त्याच होडीनं दवाखान्यात गेली होती, पावसात, डोक्यावर इरलं. श्रावणात अमृतेश्वराच्या गाभाऱ्यात पाणी भरतं, पिंड दिसत नाही. आम्ही हात बुडवून चाचपायचो आणि बेल सोडून द्यायचो. आणि त्याच गावात मे महिन्यात डोक्यावर हंडा. आजी म्हणायची, "धरण आपल्या दारात नि पाणी नगरात."

कालव्याचं टोक
ताई, आजोबांच्या तोंडून हंड्याचं कधी ऐकलं नाही. श्रावणात येतो. होडी अजून असते का?

रतनवाडीची लेक
असते की. आता फिरायला आलेल्यांसाठी. भाव आधी ठरवा.