पेरूतून बोलिव्हियात जायचंय: विमान की बस?

सागरवाट:
जुलैत आईला घेऊन पेरू आणि तिथून पुढे बोलिव्हिया असा बेत आहे. आई ६६ वर्षांची. बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. लिमाहून ला पाझला थेट विमान आहे, दोनेक तासांचं. नाहीतर पेरूतल्याच, सीमेजवळच्या पुनोवरून बस. आईला बसचा त्रास द्यावा का? अनुभवी लोकांनी सांगावं.

खिडकीचीजागा:
विमान! इतक्या लांब जाऊन बसमध्ये कशाला दिवस घालवायचे?

डोंगरउतार:
खिडकीवाले, माफ करा, पण साठीपुढच्या माणसाला हा सल्ला मी देणार नाही. इथे प्रश्न पैशांचा किंवा वेळेचा नाही, उंचीचा आहे. लिमा समुद्रकाठी. ला पाझचं विमान उतरतं एल आल्टोला, ४,०६१ मीटरवर. दोन तासांत एवढं वर गेलं की शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. तिथली हवा इतकी विरळ आहे की विमानांनाही उड्डाणासाठी चार किलोमीटरची धावपट्टी लागते. मग आपलं काय!

मी असतो तर लिमाहून आरेकिपाला विमानाने गेलो असतो. ते साधारण २,३०० मीटरवर आहे. तिथे दोन-तीन रात्री राहायचं, मग दिवसाच्या बसने पुनो, म्हणजे ३,८०० मीटर. वाटेत रस्ता ४,४०० मीटरच्या आसपास चढतो, तेव्हा पाणी पीत राहायचं. पुनोत पोचल्यावर त्या दिवशी काहीही बघायचं नाही, नुसतं पडून राहायचं.

पुनो ते कोपाकबाना (तितिकाका सरोवराकाठचं बोलिव्हियातलं गाव) तीन-चार तास. कसानीला सीमा लागते. आधी पेरूचा बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा, मग चालत पलीकडे जाऊन बोलिव्हियाचा. बस थांबते, पण आईच्या हातात सामान देऊ नका, त्या उंचीवर तेवढी चालही जाणवते. घड्याळ एक तास पुढे करायचं. ही चौकी रात्री बंद असते, म्हणून पुनोहून सकाळचीच बस धरा.

पुढे ला पाझच्या वाटेवर त्याच सरोवरातली तिकिनाची सामुद्रधुनी येते. तिथे प्रवासी उतरून छोट्या लाँचने पलीकडे जातात आणि आपली बस लाकडी तराफ्यावर डुलत डुलत येते. माझ्या लेखी अख्ख्या प्रवासातली ही सगळ्यात मजेची वीस मिनिटं. पासपोर्ट आणि औषधं मात्र अंगावर ठेवा, बसमध्ये नाही. आईला लाँचमध्ये चढणं नको असेल तर देसाग्वादेरो या दुसऱ्या सीमाचौकीवरून जाणारी बस घ्या, त्या वाटेला पाणी ओलांडावं लागत नाही. ती वाट रुक्ष आहे, एवढंच.

मीठागर:
तरुण मंडळी असतील तर चिलीतल्या सान पेद्रो दे अताकामाहून जीपने बोलिव्हियातलं उयुनी, म्हणजे ते मोठं मीठाचं मैदान, गाठणं बेस्ट. तीन दिवस, दोन मुक्काम, वाटेत रंगीत तळी. पण जुलैत रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि मुक्कामाची सोय अगदी साधी. तुमच्या आईसाठी नको. उलट कोणी बोलिव्हियातून चिलीत जाणार असेल तर खिशातली कोकाची पानं सीमेआधी टाकून द्या, चिलीत ती चालत नाहीत.

सागरवाट:
धन्यवाद डोंगरउतार. आरेकिपाचं डोक्यातच नव्हतं. ला पाझमध्ये राहायचं कुठे? आणि परत लिमालाच यायचं का?

डोंगरउतार:
परत कशाला? बोलिव्हियातल्याच सांताक्रूझहून निघा. तो विमानतळ जेमतेम ४०० मीटरवर आहे, आईला उतरल्या उतरल्या बरं वाटेल. फक्त तो भाग सखल आणि उष्ण, म्हणून पिवळ्या तापाची लस आधीच टोचून घ्या, निदान दहा दिवस आधी.

ला पाझमध्ये सोना सूर भागात राहा. मूळ शहर ३,६०० मीटरवर, हा भाग त्याच्या तीनेकशे मीटर खाली, झोप नीट लागते. तिथून केबलकारची हिरवी लाइन वर जाते, चढ चढायला नको. बोलिव्हियात रस्ते अडवण्याची आंदोलनं नेहमीची, तेव्हा बसच्या आदल्या संध्याकाळी टर्मिनलवर जाऊन वाट सुरू आहे का ते विचारा आणि विमानाच्या आधी दोन दिवस मोकळे ठेवा. डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) मात्र इथे कोणालाही विचारू नका, बीपीच्या गोळीबरोबर चालेल का ते आईच्या डॉक्टरांनाच विचारा.