मदत हवी आहे: कॉर्न स्नेकची पिल्लं, रंग कोणता समजायचा?

नमस्कार मंडळी, मी रावेरचा. केळीच्या बागेत तस्कर, धामण, मण्यार निघाले की लोक मलाच फोन लावतात. पण या वेळी भाच्याने अडकवलं. तो अमेरिकेत आहे, कॉर्न स्नेक (तिकडचा बिनविषारी साप) पाळतो. त्याच्या मादीची 14 अंडी फुटली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोंचा पाऊस. 'मामा, ओळखा!'

नर-मादी दोघेही दिसायला साधे, लाल-केशरी. विकणाऱ्याने सांगितलं होतं की दोघांच्याही अंगात 'अमेल' आणि 'अ‍ॅनरी' लपलेले आहेत, म्हणजे अनुक्रमे काळा आणि लाल रंग घालवणारे गुण. 8 पिल्लं आईबापांसारखी. 3 केशरी, डोळे लाल, काळा रंग कुठेच नाही. म्हणजे अमेल, यात शंका नाही. एक फिकट गुलाबी, डोळे लालसर. दोन्ही गुण एकत्र आलेला 'स्नो' असावा. 16 मध्ये एक एवढाच त्याचा हिशेब, भाच्याचं नशीब!

घोडं अडलंय ते उरलेल्या दोघांपाशी. राखाडी-काळी, लाल रंगाचा टिपूसही नाही. अ‍ॅनरीच म्हणावं, तर कॅरॅमल आणि चारकोल या दुसऱ्या रंगप्रकारांची पिल्लंही लहानपणी अशीच दिसतात म्हणे. त्यातल्या एकाच्या पाठीवरचे ठिपके साखळीसारखे जुळलेत आणि पोट कोरं पांढरं, चौकडी नाही. हे मॉटली (नक्षी बदलणारा गुण) का? मग तो गुणही दोन्ही बाजूंनी यायला हवा, त्याबद्दल विकणारा काहीच बोलला नव्हता.

पहिली कात अजून टाकलेली नाही. तोवर थांबू, की अ‍ॅनरीसारखं मानेवर पिवळं येतंय का ते काही महिने बघू? कुणी पाळले असतील तर सांगा भाऊ. घरी बहीण विचारते, 'विषारी नाही ना?' तिला चारदा सांगून झालंय.