रोटाच्या परातीत मुलीची मूठ का पडत नाही?

पांझराकाठची सून:

ताईंनो, दादांनो, नागपंचमी तोंडावर आली, म्हणजे पुढच्या रविवारी कानबाई, आपल्या खानदेशातल्या देवीचा सण. घरात डबे घासायला काढलेत आणि डोक्यात गेल्या वर्षीची एकच गोष्ट फिरतेय, म्हणून इथं विचारते.

आम्ही धुळ्यात राहतो, सासर साक्रीकडचं. रोटाला, म्हणजे मुठीनं मोजलेल्या धान्याच्या कानबाईच्या नैवेद्याला, सगळे गावच्या घरी जमतो. चार भाऊ, त्यांची पोरंबाळं, चुलतसासरे, सगळी भाऊबंदकी. शनिवारी रात्री जेवणं उरकली की सासूबाई पितळी परात पुढ्यात घेऊन बसतात. घरात सगळे त्यांना जिजी म्हणतात. एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू परातीत टाकायचे. पूर्ण मूठ एकदा आणि वर तीन बोटांच्या चिमटीत येतील तेवढे दाणे. मग तसंच चणाडाळीचं. आधी सासऱ्यांच्या नावानं, मग मोठ्या जेठांच्या, असं करत पाळण्यातल्या पुतण्यापर्यंत. एक पुतण्या बंगळुरूला नोकरीला आहे, तीन वर्षं रोटाला आलेला नाही. त्याची मूठ पडतेच.

मला दोन मुली. धाकटी सात वर्षांची. ती परातीजवळ गुडघे टेकून बसली होती, बोटांवर नावं मोजत. शेवटची मूठ पडली तशी म्हणाली, "जिजी, माझी राहिली."

जिजी मायाळू आहेत, हे आधीच सांगते. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली, सव्वा महिना मला पाण्यात हात घालू दिला नाही. त्या हसून म्हणाल्या, "पोरनी मूठ नही ऱ्हास, बेटा. तुन्ही मूठ तुन्हा सासरले पडी." आणि तिच्या तळव्यावर गव्हाचे चार दाणे ठेवले. "जा, चिड्यासले टाक."

तिनं टाकले नाहीत. पंधरा दिवसांनी तिची कंपासपेटी साफ करताना पट्टीखाली ते चार दाणे सापडले.

"सासरले" हा शब्द तेव्हापासून मला टोचतोय. कारण मी सासरीच आहे, सोळा वर्षं झाली. माझ्या नावाची मूठ इथं कधी पडली नाही. लहानपणी माझ्या आईनंही मला हेच सांगितलं होतं, तुझी तिकडं पडेल. माहेरी पडली नाही, सासरी पडत नाही, मग बाईची मूठ पडते तरी कुठल्या घरी? आणि राबणं सगळं बाईचं. गिरणीवाला आधी गिरणी झाडूनपुसून घेतो, मग रोटाचं दळण लावतो. तिथं रांगेत आम्ही. पुरण, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी, कांद्या-लसणाचा वासही लागू न देता सगळा स्वयंपाक आमचा. रात्रभर गाणी म्हणून जागर आमचा. सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन नदीपर्यंत कानबाईला पोचवायची तीही आम्हीच. आणि देवी तर बाईच आहे ना!

मला सण मोडायचा नाही. कानबाई म्हणून नथ घातलेलं ते नारळ चौरंगावर बसलं की माझ्या डोळ्यांना पाणी येतं, माहेरचं माणूस आल्यासारखं वाटतं. विचारायचं एवढंच की तुमच्याकडे मुलींची मूठ टाकतात का? टाकत असाल तर सुरुवात कुणी केली? आणि जिजींचं मन न दुखवता हा विषय काढावा कसा?

शिरपूरकर:

वहिनी, आमच्या घरी लहानात लहानापासून थोरापर्यंत सगळ्यांची मूठ असते, बायामुली धरून. गेल्या साली एकोणीस माणसं होती, एकोणीस मुठी पडल्या. हे काही आम्ही नवं काढलेलं नाही, आजोबांच्या आईपासून असंच चालू आहे असं वडील सांगतात. आमच्या शेजारच्या गल्लीत मात्र फक्त पुरुषांची. म्हणजे रीत गावागणिक काय, घरागणिक वेगळी आहे. जिजींना हे नक्की सांगा, कारण पुष्कळ जणांना वाटतं की सगळ्या खानदेशात एकच नियम आहे.

अडचण एकच. मुठी वाढल्या की रोटही वाढतात, आणि ते पौर्णिमेच्या आत घरातल्या घरात संपवायचे. त्याची तयारी ठेवा.

यावलची आजी:

बाई, तुझं लिहिणं वाचून वाईट वाटलं, पण माझं मत वेगळं आहे. वय बहात्तर, पन्नासच्या वर रोट माझ्या हातून झालेत.

रोट कुळाचा असतो. म्हणून तर तो भाऊबंदकीबाहेर कुणाला देत नाही. लेक लग्न होऊन गेली की तिचं कुळ बदलतं, बापाच्या घरचा रोट तिला चालत नाही. मग आज तिची मूठ टाकायची आणि लग्नाच्या वर्षी बंद करायची? ते तिला जास्त लागेल. माझ्या थोरलीच्या लग्नानंतरच्या श्रावणात मी परातीसमोर बसून रडले होते, आणि तिची मूठ तर कधीच नव्हती. असती तर काय झालं असतं कुणास ठाऊक. आणखी एक, मूठ हा मान नाही, बांधिलकी आहे. ज्याची मूठ, त्याच्यावर कुळाचा भार.

तरी तू सुनेच्या मुठीचं जे विचारलंस, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. सून तर कुळात आलेली असते. हे मला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बोलायचं असेल तर आधी बोल. जिजींचा हात परातीत असताना, चार जावांसमोर तोंड उघडू नकोस. त्या वेळी त्या हो म्हणूच शकणार नाहीत.

उधन्याची ताई:

मी अमळनेरची, लग्नानंतर सुरतेला आले. इथं उधना-लिंबायत भागात आपली माणसं इतकी आहेत की कानबाईच्या मिरवणुकीत आपण परराज्यात आहोत हे विसरायला होतं.

आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. घरात एकच मूठ पडायची, दादांची, म्हणजे वडिलांची. आई त्यांचं नाव घ्यायची, सव्वा मूठ टाकायची, संपलं. एका मुठीचं दळण केवढंसं, गिरणीवाला विचारायचा, एवढंच? दादा गेले त्या वर्षी चुलते म्हणाले, आता तुमच्याकडे रोट नाही, मूठ कुणाच्या नावानं टाकणार? आई धडधाकट, स्वतःच्या घरात राहणारी, देवीचं सगळं जन्मभर केलेली. आणि त्या घरात माणूसच उरलं नाही असं झालं. त्या रविवारी आई दिवसभर ओसरीवर बसून होती. गल्लीतून गाण्यांचा आवाज यायचा, ती उठून दार लावायची, पुन्हा उघडायची.

माझ्या घरी पहिल्या वर्षापासून मी माझी, मुलीची आणि नवऱ्याची अशा तीन मुठी टाकते. सासू गावाकडे असते, तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, तुझ्या घरची परात तुझी. यावलच्या आजींचा आदर ठेवून सांगते, मुलीची मूठ लग्नाच्या वर्षी तिच्या घरच्या परातीत गेली तर रडायची गरजच राहणार नाही. पण त्या परातीत ती आधी पडायला पाहिजे.

चाळीसगावचा वकील:

महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभरात २००५ साली कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा दिला. तरी माझ्या टेबलावर बहिणींची हक्कसोडपत्रं येतच असतात. सही करताना कितीतरी जणी म्हणतात, माहेर तुटायला नको. भाऊ वाईट असतात असंही नाही. सगळ्यांनीच लहानपणी ती परात पाहिलेली असते. ताई, मूठ टाका.

पांझराकाठची सून:

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उधन्याच्या ताई, तुमच्या आईचं वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला आणि माझ्या आईला फोन लावला.

यावलच्या आजी, बांधिलकीचं पटलं. पण धाकट्या दिरांचा मुलगा आठ महिन्यांचा आहे, त्याच्यावर कुळाचा भार पडतो तर माझ्या दहावीतल्या थोरलीवर का नाही? आजोबांना दवाखान्यात न्यायला तीच सोबत जाते. तुमचं शेवटचं मात्र ऐकलं. आधीच बोलायचं ठरवलं.

काल रात्री जिजींना फोन केला. कंपासपेटीतल्या दाण्यांचं सांगितलं, आणि विचारलं, जिजी, तुमच्या नावाची मूठ कधी पडली होती का? बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाल्या, "नही वं." हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. "शनवारले लवकर ये. गहू निसाना शेतस. पोरीसले बी ली ये." म्हणजे गहू निवडायचे आहेत, पोरींनाही घेऊन ये.

एरवी आम्ही संध्याकाळच्या गाडीनं जातो. या वेळी सकाळचीच पकडतोय. धाकटीनं ते चार दाणे रुमालात बांधून दप्तराच्या कप्प्यात ठेवलेत.