मदत हवी आहे: तुर्की रेस्टॉरंटमध्ये मागवायचं काय?

आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी एका भारी तुर्की रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक केलंय. मेन्यू बघूनच घाम फुटला. अदाना कबाब तिखट, उर्फा सौम्य, एवढं कळलं. पण बाबा पक्के शाकाहारी! त्यांना इमाम बायिल्दी चालेल का? कांदा-टोमॅटो भरून ऑलिव्ह तेलात शिजवलेलं वांगं. ते बहुतेक गारच वाढतात. बाबांचा चेहरा मला आत्ताच दिसतोय.

मागे अशाच ठिकाणी वेटरने मेझेच्या, म्हणजे सुरुवातीला खायच्या छोट्या पदार्थांच्या, वाट्यांचा ट्रे समोर धरला. फुकट समजून आम्ही पाच उचलल्या, सगळ्या बिलात लागल्या. सहा जणांत किती मेझे पुरतात? आणि कुनेफे (चीज भरलेला, पाकातला गोड पदार्थ) गरमागरमच खायचं असतं, तर जेवताना आधीच सांगून ठेवू का? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.