वर्षाचं एक वचन की अख्खा अध्याय? मंडळीतल्या लोकांनी बोला

ऐरोलीकर:
31 डिसेंबरच्या रात्री चर्चच्या उपासनेत टोपलीतून बायबलच्या एका वचनाचं (ओळीचं) कार्ड उचलायचं आणि तेच वर्षभराचं देवाचं वचन, ही पद्धत बऱ्याच मंडळ्यांत आहे. यंदा माझ्या भावाला यिर्मया 29:11 (यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 29वा अध्याय, 11वं वचन) आलं, तुमच्याबद्दल माझ्या मनात हिताचेच विचार आहेत अशा अर्थाचं. त्याने ते फ्रीजवर चिकटवलं आणि घणसोलीच्या फ्लॅटचं लोन होणारच म्हणून टोकन पण भरून मोकळा झाला. लोन नाही झालं. आता म्हणतो माझाच विश्वास कमी पडला, हे मला बघवत नाही. अरे ते वचन बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या इस्राएली लोकांना पाठवलेल्या पत्रातलं आहे, बरोब्बर वरच्या ओळीत 70 वर्षं लिहिलीयत, म्हणजे पत्र ऐकणारे म्हातारे परत घरी गेलेच नसणार. मागच्याच अध्यायात हनन्या संदेष्टा दोन वर्षांत सगळं परत मिळेल म्हणतो आणि खोटा ठरतो. आपण यिर्मयाचं वचन घेऊन हनन्यासारखं बोलतोय. अध्याय वाचा, एवढंच म्हणणं आहे.

कळव्याची_ताई:
दादा, भावाचं ऐकून वाईट वाटलं. पण माझी आई चौथी शिकलेली आहे, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते, सुई टोचतात तेव्हा यशया 41:10 पुटपुटते, भिऊ नको मी तुझ्याबरोबर आहे. ते पण मुळात इस्राएलाला सांगितलेलं, मग काय तिला थांबवू? आणि येशूचं चरित्र लिहिणाऱ्या मत्तयानेच जुन्या करारातल्या होशेय संदेष्ट्याचं वचन घेतलंय ना, मिसर देशातून मी माझ्या मुलाला बोलावलं हे. होशेय इस्राएल लोकांबद्दल बोलतोय, मत्तय येशूला लावतो. मग आम्ही स्वतःला लावलं तर काय चुकलं?

वाशी_प्लॅटफॉर्म:
लावा हो ताई, पण कुठपर्यंत? माझ्या मावशीला प्रार्थनेला येणाऱ्या एकाने यशया 53:5 दाखवलं, त्याच्या, म्हणजे येशूच्या, फटक्यांनी आरोग्य मिळालंय म्हणे, मग शुगरची गोळी म्हणजे अविश्वास. तिने तीन आठवडे गोळ्या बंद केल्या, पायाची जखम चिघळली, अंगठा गेला. प्रेषित पौल त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पत्रात पोटासाठी थोडा द्राक्षारस घे सांगतो, 1 तीमथ्य 5:23, ते वचन त्या माणसाला कधी दिसलं नाही. मला अजून राग येतो.

पाचपाखाडी:
तो माणूस चुकलाच. पण त्यावरून शिकलेल्याशिवाय बायबल कळत नाही असं होऊ नये, मग परत सगळं दोन-चार जणांच्या हातात जाईल. पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना वाचता यावं म्हणून सोप्या मराठीत अख्खं बायबल उतरवलं, 1924 ला, त्या गेल्यावर दोन वर्षांनी छापून आलं.

ऐरोलीकर:
रमाबाईंचं नाव काढलंत ते बरं झालं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि दिलं काय, तर पूर्ण पुस्तक, निवडक ओळी नाही. वचनांचे आकडे तर फार नंतरचे, नव्या करारात आज आहेत ते 1551 ला पडले, पौलाने पत्र लिहिलं तेव्हा ते सलग मोठ्याने वाचायचं पत्र होतं. ताई, मत्तयाचं तुम्ही बरोबर पकडलंत, त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण मत्तयाला होशेय माहीत होता. आमच्या सेल ग्रुपमध्ये (घरी जमणाऱ्या छोट्या प्रार्थना-गटात) होशेय वाचलेला एक जण निघणार नाही, मी पण मागच्या वर्षीच वाचला. आणि आईंना कोण थांबवतंय, मी असतो तर शेजारी बसून तिला 41वा अध्याय वाचून दाखवला असता.

कळव्याची_ताई:
अध्याय मी वाचून दाखवते, तिला झोप लागते मधेच. पण भावाला सांगा विश्वास कमी पडला नाही म्हणून. हे त्याला पाळकांनी (चर्चच्या पास्टरांनी) सांगायला हवं, कार्ड त्यांनीच दिलं होतं.

ऐरोलीकर:
रविवारी त्याला घेऊन जातोय पाळकांकडे. यिर्मयाच्या त्याच 29व्या अध्यायातलं पाचवं वचनही दाखवीन, घरं बांधा, मळे लावा, बाबेलातच. सध्या तो रबाळ्याला भाड्याने राहतो.