पिवळा धोत्रा हा धोत्रा आहे का?

प्रश्न: पडीक रानात, रस्त्याकडेला पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप उगवतं. कुणी त्याला पिवळा धोत्रा म्हणतं, कुणी काटेधोत्रा, तर कुणी थेट स्वर्णक्षीरी. झाड एकच का? आणि ही धोत्र्याचीच जात का?

– झाड एकच, पण धोत्र्याशी नातं शून्य. धोत्रा वांग्या-बटाट्याच्या कुळातला, हा खसखशीच्या. शास्त्रीय नाव आर्जेमोन मेक्सिकाना. बोंडं काटेरी म्हणून धोत्र्यात गणला गेला असावा. पान मोडून बघा, पिवळाधमक चीक येतो. अफूचा चीक पांढरा असतो आणि धोत्र्याला मुळात चीकच नाही. याची पानं निळसर हिरवी, शिरांलगत पांढरे पट्टे, कडेला काटे. पाकळ्या चार ते सहा, सुट्या. धोत्र्याचं फूल मात्र अखंड कर्ण्यासारखं.

– 'फिरंगी धोत्रा' हेही नाव आहे की! मला तेच सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. मूळचं मेक्सिकोकडचं झाड, फिरंग्यांच्या काळात इकडे आलं.

– तिथेच तर स्वर्णक्षीरीची गोम आहे. सोनेरी चीक म्हणून नाव चपखल बसतं खरं, पण चरक-सुश्रुतांच्या काळी हे झाड भारतात असणं शक्यच नाही. जुनी स्वर्णक्षीरी कोणती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तेव्हा ग्रंथातले गुण वाचून याचा काढा करायला कुणी जाऊ नये. बी काळं, बारीक, मोहरीत सहज खपून जाणारं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याच्या तेलाची भेसळ झाली, पाय सुजून हजारो लोक आजारी पडले आणि साठहून अधिक दगावले. त्यातलं विष सँग्विनारिन.

– (मूळ प्रश्नकर्ता) आभार. पण मी पाहिलेली फुलं फिकट, जवळजवळ सायीच्या रंगाची आहेत. तोही फिरंगीच का?

– फिरंगीच, पण कदाचित दुसरा! आर्जेमोन ओक्रोल्यूका नावाची बहीण आहे, तीही मेक्सिकोचीच. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत तणासारखी माजली आहे. नुसत्या रंगावर जाऊ नका, वाळवलेल्या नमुन्यात तो उडतो. न उमललेली कळी बघा: मेक्सिकानाची गोलसर, ओक्रोल्यूकाची लांबट. कळीचा जवळून फोटो टाका, मग सांगतो.